पडल्यावरचे चार सेकंद : फिगर स्केटिंगमधलं चॅम्पियनचं डोकं कसं घडवायचं

मी मूळची ठाण्याची, चरईतली. आता नेरुळला असते आणि संध्याकाळी सोसायटीच्या कोर्टवर मुलांना क्वाड स्केट्सवर (दोन चाकं पुढे, दोन मागे) फिगर शिकवते, म्हणजे फेडरेशनच्या फॉर्मवर ज्याला आर्टिस्टिक लिहितात ते. बर्फ आपल्याकडे फक्त गोळेवाल्याकडे, त्यामुळे इथली पोरं चाकांवर. पण टो लूप, सालकॉव, लूप, फ्लिप, लुट्झ, ॲक्सल ही जंपची नावं तीच, भीतीपण तीच आणि पडल्यावर लागतं जरा जास्तच, कारण बर्फावर माणूस निदान घसरत जातो, कोबा तसं काही करू देत नाही.

दर सीझनला कोणीतरी आई नाहीतर बाबा बाजूला घेऊन विचारतात, मॅडम, प्रॅक्टिसला सगळं येतं हो हिला, कॉम्पिटिशनला काय होतं कळत नाही, माइंडसेट वीक आहे का हिचा? त्याचं उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही म्हणून एकदा सविस्तर लिहून काढतेय.

आधी बघा की भानगड खरंच डोक्याची आहे का

हे मी सगळ्यात आधी सांगते कारण निम्म्या वेळा नसतेच. जंप प्रॅक्टिसला दहातून चार वेळा लागत असेल तर कॉम्पिटिशनला ती न लागणं हा माइंडसेटचा प्रॉब्लेम नाही, साधं गणित आहे. तरी घरच्यांना त्या चार वेळाच आठवतात कारण व्हिडिओ फक्त त्यांचेच काढलेले असतात. दहा दिवस वहीत खरं लिहा, किती वेळा मारली आणि किती वेळा एका पायावर उभी राहिली. दहातून आठ असेल आणि तरी स्पर्धेत जात असेल, तर मग डोक्याकडे वळू.

दुसरं, वय. बारा ते चौदामध्ये मुली चार-सहा महिन्यांत अशा उंच होतात की कालपर्यंत चोख लागणारा ॲक्सल अचानक हरवतो. हातपाय लांब झाले, वजन बदललं, हवेत आवळून घ्यायला लागणारा वेळ बदलला. अशा पोरीला तू फोकस करत नाहीस म्हणणं म्हणजे शुद्ध अन्याय आहे. तिला थोडे महिने सिंगल जंप, स्पिन आणि एज (एका कडेवर झुकून वळणं घेणं) यावर ठेवा आणि थांबा.

तिसरं म्हणजे सामान. टो स्टॉप (बुटाच्या पुढचा रबरी ठोकळा) झिजलाय का, ट्रक (चाकांचा आस धरणारा भाग) ढिले आहेत का, पावसाळ्याच्या तोंडावर फरशीला दमटपणा धरून चाकं सुटतायत का. एकदा एका मुलाची महिनाभर “भीती” चालू होती आणि शेवटी निघालं काय तर डाव्या बुटाची प्लेट हलत होती. त्याचं शरीर आमच्यापेक्षा हुशार होतं म्हणायचं.

पडणं आणि सोडून देणं यातला हिशोब

आता खरी गोष्ट. हवेत असताना मूल घाबरतं आणि हात उघडतं, तीन फेऱ्यांच्या जागी एकच होते, त्याला आम्ही पॉप म्हणतो. लोकांना वाटतं निदान पडली तरी नाही. बर्फावरच्या सीनियर फिगर स्केटिंगचं कोष्टक घ्या. ट्रिपल लुट्झची बेस व्हॅल्यू, म्हणजे मूळ किंमत, ५.९०. पूर्ण फिरून पडली तर क्वालिटीला उणे पाच ही सगळ्यात खालची श्रेणी, म्हणजे किंमत निम्मी, २.९५ राहिले, वर पडल्याचा एक पॉइंट गेला, उरले १.९५. पॉप होऊन सिंगल लुट्झ झाला तर ०.६०. आणि शॉर्ट प्रोग्रॅममध्ये (स्पर्धेच्या दोन भागांतला पहिला, छोटा) सिंगल झाला तर शून्य, कारण तो तिथे चालतच नाही. म्हणजे धडपडून पडणाऱ्या पोरीला घाबरून हात उघडणाऱ्या पोरीच्या तिप्पट मार्क आहेत! (पडल्यामुळे प्रोग्रॅमच्या एकूण मार्कांनाही थोडा फटका बसतो, ते धरूनसुद्धा.)

पण थांबा, लगेच पोराला “पड बिनधास्त” सांगू नका, कारण क्लीन डबल लुट्झला २.१० मिळतात, पडलेल्या ट्रिपलपेक्षा जास्तच. मग डबल करायचा की ट्रिपल? हा निर्णय घ्यायची जागा जमीन आहे, हवा नाही. आदल्या दिवशी कोच आणि स्केटरने बसून ठरवायचं, उद्या डबल तर डबल, आणि ट्रिपल ठरला तर तो पूर्ण फिरायचा, पडलो तरी हात उघडायचे नाहीत. मी ज्याला चॅम्पियनचं डोकं म्हणते त्याचा अर्धा भाग हाच आहे, ठरलेलं हवेत बदलायचं नाही. चाकांवरचे आकडे वेगळे आहेत पण हिशोबाची जात तीच.

आता उरलेला अर्धा, पडल्यावरचे चार सेकंद

माझ्या फोनच्या स्टॉपवॉचवर साधारण पडल्यापासून उठून पुन्हा पहिला पुश मारेपर्यंत तीन ते चार सेकंद जातात. पडण्याचे मार्क तर गेलेलेच असतात, ते परत येत नाहीत. पुढच्या तीन जंपचं काय होणार ते या चार सेकंदांत ठरतं.

मला हे उशिरा कळलं. मी तेरा वर्षांची असताना स्टेटला पहिल्याच सालकॉववर पडले आणि तशीच बसून राहिले, किती वेळ ते देवाला माहीत, म्युझिक पुढे निघून गेलं आणि मी त्याच्या मागे धावत उरलेल्या सगळ्या जंप पॉप केल्या. बाहेर आल्यावर तेव्हाचे सर म्हणाले, पडलीस कशी? पडले कशी ते मला माहीत होतं, खांदा आधी उघडला होता. उठल्यावर म्युझिक कुठे पकडायचं ते मात्र कोणी कधी शिकवलंच नव्हतं.

तर हे असं शिकवायचं :

पहिल्यांदा पडायला शिकवा. गुडघे वाकवून, कुल्ल्याच्या बाजूवर, हात मागे टेकवायचे नाहीत (मनगट जातं), आणि मुठी बंद, नाहीतर मागून येणाऱ्याचं चाक बोटांवरून जातं. सुरुवातीला मॅटवर, मग पॅडेड शॉर्ट्स आणि नी-पॅड घालून कोर्टवर. छोट्यांना हे फार आवडतं, सांगावं लागत नाही.

मग उठणं. एक गुडघा, दुसरा पाय, वर, पुश. कपडे झटकायचे नाहीत, जजकडे बघायचं नाही, आईकडे तर अजिबात नाही. मी टाळीवर घेते, टाळी वाजली की जिथे असाल तिथे पडा आणि चार मोजायच्या आत चालू व्हा. आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं, पुरे.

तिसरं सगळ्यात कामाचं आणि हेच फार थोड्या ठिकाणी करून घेतात. म्युझिकमध्ये पकडायच्या जागा ठरवा. प्रोग्रॅम दोन-तीन मिनिटांचा असेल तर त्यात चार-पाच ठिकाणं अशी शोधा की कान झाकून असलेल्या माणसालाही कळेल, ढोल वाजतो, बासरी सुरू होते, एकदम शांतता होते. प्रत्येक जागेला पोराने कोर्टवर कुठे असायचं ते ठरवा. पडलास तर हरवलेल्या स्टेप्स विसर, सरळ पुढच्या जागेवर जा आणि तिथे म्युझिकची वाट बघ. आमच्याकडे याला स्टेशन म्हणतात. ठाणे-वाशी लोकलसारखं आहे, रबाळे चुकलं तर रबाळ्याला रडत बसायचं नाही, घणसोलीला भेटायचं.

मग रन-थ्रूमध्ये मी न सांगता मध्येच टाळी वाजवते. पूर्ण प्रोग्रॅम चालू असतो, टाळी वाजली की मुद्दाम पडायचं, उठायचं, स्टेशन पकडायचं आणि शेवटच्या पोझपर्यंत जायचं. पहिल्या आठवड्यात रडारड होते. तिसऱ्या आठवड्यात पोरं स्वतः म्हणतात, ताई आज टाळी नाही वाजवली?

आणि शेवटी प्लॅन बी. कॉम्बिनेशनमधली (लागोपाठ जोडून मारायच्या जंप) पहिली जंप वाकडी उतरली आणि मागचा टो लूप राहिला, तर तो पुढे कोणत्या जंपला जोडायचा हे कागदावर लिहिलेलं असू दे. एकच पर्याय, तीन नाही. आणि गेलेली जंप परत मारायच्या फंदात पडायचं नाही, कारण जंप किती वेळा रिपीट करता येते याला नियम असतात आणि जास्तीची जंप हिशोबातच धरत नाहीत, दम जातो तो वेगळाच.

मोठ्यांचं काय होतं ते दाखवा

पोरांना भाषण नको असतं, व्हिडिओ चालतो. मी तीन दाखवते.

२०१४ च्या सोची ऑलिंपिकला जपानची माओ असादा शॉर्ट प्रोग्रॅममध्ये कोसळली, थेट सोळावी. मेडल तिथेच संपलं. दुसऱ्या दिवशी तिने फ्री स्केटला (स्पर्धेचा दुसरा, मोठा भाग) १४२.७१ घेतले, तोवरचा तिचा सगळ्यात चांगला स्कोअर, आणि सहावी आली. शेवटच्या पोझनंतरचा तिचा चेहरा बघा.

२०१८ ला प्योंगचांगमध्ये अमेरिकेचा नेथन चेन शॉर्टनंतर सतरावा. फ्रीमध्ये सहा क्वाड (हवेत चार फेऱ्यांच्या जंप) मारायला गेला, त्या दिवसाचा सगळ्यात जास्त स्कोअर त्याचा होता, २१५.०८, आणि पाचवा आला. चार वर्षांनी बीजिंगला गोल्ड.

तिसरा माझा आवडता, २०२२, बीजिंग, जपानचा युझुरू हान्यू. दोन ऑलिंपिक गोल्ड घेऊन आलेला माणूस, शॉर्टमधली पहिलीच जंप क्वाड सालकॉव, उडताना ब्लेड बर्फातल्या एका खड्ड्यात गेलं, सिंगल झाली, शून्य मार्क. चूक त्याची नव्हतीच. आता त्याच्यानंतरची अडीच मिनिटं बघा, जणू काही झालंच नाही, ९५.१५ मिळवले त्यात. शेवटी तो चौथा आला, म्हणजे फ्रीमध्ये सगळं मस्त झालं असंही नाही, क्वाड ॲक्सल मारायला जाऊन पडला. मुलांना मी विचारते, तो खड्डा कितव्या सेकंदाला विसरला असेल रे? त्यावर वाद घालतात, घालू देते.

एक शब्द, दोन नाही

जंपच्या आधी डोक्यात काय चालू असावं? एक शब्द. आणि तो “पडू नकोस” नसावा, कारण काय करायचं नाही हे सांगितल्यावर शरीराला करायचं काय ते कळत नाही. लुट्झला एखादीचा शब्द “खांदा” असतो, कोणाचा “गुडघा”, एका पोराचा “थांब” आहे कारण तो घाईत उडतो. माझ्याकडे एकजण ॲक्सलच्या आधी “चल गं” म्हणते, चालतंय की. शब्द मुलानेच निवडायचा, कोचने फक्त बघायचं की तो खऱ्या चुकीशी जुळतोय का. आणि बोर्डजवळून ओरडणाऱ्या मोठ्यांनीसुद्धा तोच शब्द वापरायचा. हात, पाय, स्माइल, स्पीड असं चार बाजूंनी ओरडलं की पोरगं ऐकणंच बंद करतं.

रन-थ्रूबद्दल एक तक्रार

बऱ्याच ठिकाणी प्रोग्रॅममध्ये चूक झाली की म्युझिक बंद, परत पहिल्यापासून. याने होतं काय, पहिलं मिनिट शंभर वेळा घोटलं जातं आणि शेवटचं मिनिट कॉम्पिटिशनलाच पहिल्यांदा भेटतं, तेही दमलेल्या पायांनी. शिवाय मूल शिकतं काय की चूक झाली की थांबायचं असतं. माझा नियम असा, की म्युझिक चालू झालं की घर पडलं तरी शेवटच्या पोझपर्यंत जायचं, जंप सुटी सुधारायची ती नंतर. वहीतही “क्लीन” असा रकाना ठेवत नाही, “पूर्ण केला का” आणि “चुकीनंतरची पहिली जंप लागली का” एवढे दोनच रकाने. दुसऱ्या रकान्यावरून मला पोराच्या डोक्याचं जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशावरून कळत नाही.

लोकांसमोर करायची सवय लागायला गणपती आहेतच. सोसायटीच्या कार्यक्रमात पार्किंगमध्ये स्केट करायला लावा, मागे ऑर्केस्ट्रावाले माइक टेस्टिंग करतायत, समोर लहान पोरं आडवी धावतायत, मध्येच लाइट जातात. अशात ज्याने प्रोग्रॅम पूर्ण केला त्याला स्टेडियममधली शांतता काय घाबरवणार! (आडव्या धावणाऱ्यांना मात्र आधी आवरा, जंपच्या वेळी कोणाला लागलं तर महागात पडेल. पार्किंगमध्ये मोठ्या जंप तशाही नकोत.)

पावसाळा

जून ते सप्टेंबर उघडी कोर्टं गेलीच समजा. तेव्हा घरात किंवा जिन्याखालच्या मोकळ्या जागेत बूट न घालता जंप, दोरी, लँडिंगची पोझ धरून उभं राहणं, आणि डोळे मिटून प्रोग्रॅम. हे शेवटचं लोक टाइमपास समजतात. नीट करायचं असेल तर कानात म्युझिक आणि हातात घड्याळ हवं. म्युझिक नसतानाही डोक्यातला प्रोग्रॅम खऱ्या वेळेच्या पाच सेकंद इकडे-तिकडे संपला पाहिजे. दीड मिनिटात उरकला म्हणजे पोरगं अवघड जागा गाळतंय, आणि ज्या जंपशी डोक्यातपण अडकतं ती जंप खरी भीतीची. डोक्यात पडलीस तर डोक्यातच ऊठ आणि स्टेशन पकड. ऐरोलीला बसायला मिळालं तर कोपरखैरण्यापर्यंत तीनदा आरामात होतो, मी अजून करते, सवय.

कॉम्पिटिशनचा दिवस

बर्फावरच्या मोठ्या स्पर्धांत वॉर्मअप सहा मिनिटांचा, ग्रुपमध्ये जास्तीत जास्त सहा जण, आणि नाव पुकारल्यावर साधारण तीस सेकंदांत पहिल्या पोझमध्ये उभं राहायचं, उशीर झाला तर पॉइंट जातो. आपल्याकडे जिल्ह्याला वॉर्मअप कधी तीन मिनिटं, कधी मिळतो न मिळतो, म्हणून दोन्हीची तयारी ठेवा. वॉर्मअपमध्ये प्रोग्रॅमच्या क्रमाने जा, सगळ्यात अवघड जंप दोनदा, लागो न लागो, तिसऱ्यांदा नाही. तिथे जंप शोधत बसलेली मुलं प्रोग्रॅममध्येही तिला शोधतच असतात.

तीस सेकंदांचं काम आधीच वाटून ठेवा, म्हणजे एक चक्कर, एक मोठा श्वास सोडायचा (घ्यायचा नाही, सोडायचा, घेतला जातोच), पहिल्या जंपचा शब्द, पोझ. आधीच्या स्पर्धकाचा स्कोअर ऐकायचा नाही. पहिला नंबर लागला किंवा शेवटचा लागून तीन तास बसावं लागलं, दोन्हीची रंगीत तालीम एकदा करून ठेवा, म्हणजे खरंच बूट घालून, तयार करून, दीड तास बसवून ठेवायचं आणि मग अचानक नाव पुकारायचं. पोरं शिव्या घालतात मनात. घालू देत.

कोच आणि घरचे

कोच निवडताना त्याच्या मेडल मिळवलेल्या मुलांकडे बघू नका, पडलेल्या मुलाशी तो पहिलं वाक्य काय बोलतो ते ऐका. कट्ट्यावर बसून अर्धा तास नुसतं ऐकलं तरी कळतं. बीजिंगला २०२२ ला पंधरा वर्षांची रशियन मुलगी, डोपिंगच्या वादात सापडलेली, फ्री स्केटमध्ये पुन्हा पुन्हा पडली आणि बर्फावरून बाहेर येताच तिला कोचकडून पहिल्यांदा काय मिळालं तर लढणं का सोडलंस असा जाब. ते सगळ्या जगाने बघितलं, ऑलिंपिक कमिटीच्या अध्यक्षांनीही दुसऱ्या दिवशी त्याबद्दल नाराजी बोलून दाखवली. त्याच वर्षी जूनमध्ये सीनियरचं किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरा करायचं ठरलं, २०२४-२५ पासून ते लागू आहे. आणि त्याच ऑलिंपिकमध्ये खेळलेली अमेरिकेची अलिसा लियू दोनच महिन्यांनी, सोळाव्या वर्षी, बास झालं म्हणून निवृत्त झाली. २०२४ ला परत आली ती स्वतःच्या अटींवर, म्युझिक-ड्रेस-ट्रेनिंग सगळ्यात स्वतःचं मत ठेवून, आणि मार्च २०२५ ला बोस्टनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन. पोराला म्युझिक निवडू द्या एवढं तरी यातून घ्या, मग ते कितीही भयानक रिमिक्स असो.

आपल्याकडचं नाव हवं असेल तर हैदराबादचा अनुप कुमार यामा, २०१० च्या ग्वांगझू एशियन गेम्समध्ये चाकांवर सिंगल्समध्येही ब्राँझ आणि पेअरमध्येही ब्राँझ, २०१५ चा अर्जुन पुरस्कार. आपल्या पोरांना वाटतं हा खेळ सगळा तिकडचाच आहे. नाहीये.

घरच्यांसाठी माझं एकच सांगणं, स्पर्धा झाल्यावर काही खाल्ल्याशिवाय स्केटिंगवर एक अक्षर नाही. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास बंद गाडीत बाबांचं ॲनालिसिस ऐकणाऱ्या मुलांचे चेहरे मी सोमवारी बघते. वडापाव द्या, झोपू द्या. मूल स्वतः बोललं तर ऐका. व्हिडिओ दोन दिवसांनी कोचसोबत, आणि तोही चुकीच्या जागेपासून नाही, चुकीनंतरच्या चार सेकंदांपासून सुरू करायचा.

आणि बॅग आदल्या रात्री भरायची, पोरानेच, यादी बघून. जास्तीची लेस, सुके मोजे, फडकं, टिकल्या आणि पिना, म्युझिक दोन पेनड्राइव्हवर आणि एकदा आईच्या फोनमध्ये, सुटा टो स्टॉप आणि तो घट्ट करायचा पाना. पाना विशेष सांगतेय, कारण तो ठाण्याच्या घरी शू-रॅकवर ठेवून वाशीला जाऊन पोचलेली मी एकटीच नसेन.